नोकरी गेल्यानंतर कॉलेजकडे आर्थिक मदतीच्या फेरविचाराचा अर्ज कसा करावा

अमेरिकेत मुलाच्या कॉलेजसाठी मिळणारी आर्थिक मदत आजच्या उत्पन्नावर ठरत नाही, ती दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरते. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षासाठी भरलेल्या फाफ्सा अर्जात (सरकारी आर्थिक मदतीसाठी भरायचा अर्ज) २०२४ सालच्या कर विवरणपत्रातले आकडे जातात. त्यानंतर घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी गेली, आईवडील विभक्त झाले किंवा कोणाचे मोठे आजारपण निघाले, तरी त्या अर्जाला त्याचा पत्ता नसतो. कॉलेजचे पत्र येते ते जुन्या पगारावर बेतलेले, आणि इकडे घरात जुना पगार राहिलेला नसतो.

या अडचणीवर कायद्यातच तोड आहे. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यातील कलम ४७९अ नुसार कॉलेजचा फायनान्शियल एड अधिकारी प्रत्येक कुटुंबाची परिस्थिती स्वतंत्रपणे तपासून, कागदोपत्री पुरावा असेल तर, अर्जातील आकडे बदलू शकतो. या अधिकाराला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. २०२० च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनंतर, असा अर्ज करता येतो हे जाहीर करणे कॉलेजांवर बंधनकारक झाले आहे, आणि असे सर्वच अर्ज सरसकट नाकारण्याचे धोरण त्यांना ठेवता येत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या बऱ्याच घरांत असा अर्ज करणे म्हणजे कोणापुढे तरी हात पसरणे, असे समजून संकोचापायी महिने घालवले जातात. ही कार्यालयाची नेहमीची प्रक्रिया आहे. आमच्या घरी ही वेळ आली तेव्हा जे कळले, ते क्रमाने पुढे देत आहे.

१. आपले प्रकरण कोणते, ते आधी ठरवा

‘अपील’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. कुटुंबाची आर्थिक स्थिती बदलली असेल तर तो ‘विशेष परिस्थिती’चा अर्ज, आणि हा लेख त्याच्याविषयी आहे. विद्यार्थ्याचा आईवडिलांशी संबंधच उरला नसेल, किंवा छळामुळे त्याला घर सोडावे लागले असेल, तर ते प्रकरण निराळे. त्याचे फॉर्म आणि पुरावेही निराळे असतात. गुणवत्तेवर मिळालेली शिष्यवृत्ती वाढवून हवी असेल तर तो विषय बहुतेक ठिकाणी ॲडमिशन ऑफिसचा असतो आणि तिथे पालकांच्या नोकरीचा संबंध येत नाही. या तिन्हींची एकाच पत्रात सरमिसळ केली की पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

नोकरी जाणे किंवा पगार बराच कमी होणे, पालकाचा मृत्यू, घटस्फोट किंवा विभक्त होणे, विम्याने न भरलेला मोठा वैद्यकीय खर्च, धाकट्या भावंडाची शाळेची फी, आणि त्या वर्षी एकदाच आलेले व पुन्हा न येणारे उत्पन्न ही कारणे सर्वसाधारणपणे विचारात घेतली जातात. वैद्यकीय खर्चाच्या बाबतीत एक लक्षात ठेवावे. कुटुंबाच्या नेहमीच्या औषधपाण्यासाठी मदत ठरवण्याच्या मूळ सूत्रात थोडी जागा आधीच धरलेली असते, त्यामुळे किरकोळ बिलांचा ढीग जोडून फारसे काही साधत नाही.

क्रेडिट कार्डाची थकबाकी, गाडीचे हप्ते, घराचे कर्ज, लग्नकार्याचा किंवा भारतवारीचा खर्च ही कारणे मात्र चालत नाहीत. ही कुटुंबाने स्वतः केलेली निवड आहे असे कार्यालय मानते. ते कोणाला कठोर वाटेल, परंतु असे एखादे कारण यादीत घातल्याने बाकीच्या खऱ्या कारणांचे वजनही कमी होते.

२. मूळ अर्ज खरा आणि पूर्ण ठेवा

सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. नोकरी गेली म्हणून काही पालक फाफ्सातच २०२४ च्या जागी आजचे उत्पन्न लिहायला जातात. तसे करू नका. अर्जात त्या वर्षाचा खराच आकडा राहिला पाहिजे. तो बदलण्याचा अधिकार कॉलेजच्या अधिकाऱ्याचा आहे आणि तोही पुरावा पाहिल्यानंतरचा. तुमचा अर्ज ‘व्हेरिफिकेशन’साठी निवडला गेला असेल, तर ती पडताळणी पूर्ण होईपर्यंत फेरविचाराला हात लावता येत नाही. म्हणून पोर्टलवर एखादा कागद लाल रंगात अडकून पडला असेल तर आधी तो पूर्ण करा.

भारतातल्या मालमत्तेचा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. राहते घर आणि निवृत्तीची खाती फाफ्सात धरली जात नाहीत. परंतु पुण्यातला किंवा ठाण्यातला दुसरा फ्लॅट ही गुंतवणूक समजली जाते, आणि आजच्या बाजारभावातून त्यावरचे कर्ज वजा करून उरणारी रक्कम दाखवावी लागते. फ्लॅट भावंडांच्या सामाईक मालकीचा असेल तर फक्त आपला हिस्सा दाखवायचा. बँकेतल्या मुदत ठेवीही दाखवायच्या. हे आधी वगळलेले असेल तर फेरविचाराच्या अर्जापूर्वी दुरुस्त करून घ्या, कारण या टप्प्यावर फाइल बारकाईने वाचली जाते.

काही खासगी कॉलेजे फाफ्साखेरीज कॉलेज बोर्ड या संस्थेचा ‘सीएसएस प्रोफाइल’ हा वेगळा अर्जही मागतात. त्यात राहत्या घराची किंमतही विचारली जाते आणि विशेष परिस्थिती लिहिण्यासाठी वेगळी जागा असते. अर्ज भरतानाच नोकरी गेलेली असेल तर तिथे दोन ओळी लिहून ठेवाव्यात. त्यावर निर्णय होईलच असे नाही, पण पुढच्या अर्जाला आधार मिळतो.

३. कॉलेजचा फॉर्म शोधा, आणि मुलाला पुढे करा

देशभर चालणारा असा एकच फॉर्म नाही. प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एडच्या पानावर ‘स्पेशल सर्कमस्टन्सेस’, ‘इन्कम रिडक्शन’ किंवा ‘प्रोफेशनल जजमेंट’ अशा नावाने तो सापडतो. न सापडल्यास ईमेल करून मागावा. एका कॉलेजने दिलेला निर्णय दुसऱ्या कॉलेजला लागू होत नाही, त्यामुळे मुलाने अजून कॉलेज निवडलेले नसेल तर जिथे खरोखर जाण्याचा विचार आहे त्या प्रत्येक ठिकाणी अर्ज करावा लागतो.

ईमेल मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या कॉलेजच्या खात्यावरून पाठवावा. मूल कॉलेजात दाखल झाले की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क ‘फर्पा’ कायद्यानुसार त्याचा स्वतःचा होतो, आणि त्याने लेखी संमती दिलेली नसेल तर कार्यालय पालकांशी मोकळेपणाने बोलत नाही. संमतीचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून ठेवा. मात्र संमती असली तरी सगळे बोलणे बाबांनीच करायचे, हा आपला रिवाज इथे उपयोगी पडत नाही. विद्यार्थ्याने दोन ओळींत विचारलेल्या प्रश्नाला तत्परतेने उत्तर येते, असा आमचा तरी अनुभव आहे.

४. कागद जमवा

अधिकाऱ्याला तुमच्याविषयी कितीही सहानुभूती वाटली तरी फाइलमध्ये कागद नसेल तर त्याला आकडा बदलता येत नाही, कारण उद्या तपासणी झाली तर त्या फाइलचा जाब त्यालाच द्यावा लागतो. नोकरी गेल्याच्या प्रकरणात साधारण हे कागद लागतात:

- कंपनीचे नोकरी संपल्याचे पत्र, त्यावर कामाचा शेवटचा दिवस स्पष्ट लिहिलेला हवा
- शेवटची पे स्टब (पगाराची पावती), ज्यावर वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण रक्कम दिसते
- सेव्हरन्सचे (नोकरी संपताना कंपनी देते त्या रकमेचे) पत्र, किंवा सेव्हरन्स मिळणार नाही असे सांगणारा कागद
- राज्याच्या बेरोजगारी भत्त्याचे मंजुरीपत्र
- आधारभूत वर्षाचे, म्हणजे इथे २०२४ चे, सही केलेले १०४० हे कर विवरणपत्र आणि दोन्ही पालकांचे डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेले वर्षाच्या पगाराचे पत्रक)
- नोकरी करणाऱ्या दुसऱ्या पालकाची अलीकडची पे स्टब
- वैद्यकीय कारण असेल तर बिले, ती भरल्याच्या पावत्या, आणि विम्याने किती भरले ते दाखवणारे पत्रक

भत्त्याच्या कागदाला कायद्यात विशेष स्थान आहे. तो निघाल्यापासून ९० दिवसांच्या आत कॉलेजला दिला, तर नोकरी गेल्याचा पुरावा म्हणून अधिकारी तो स्वीकारू शकतो. म्हणून ते पत्र आले की दाबून ठेवू नका.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या पालकांची अडचण वेगळी आहे. मूल अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे नागरिक असेल, तर पालकांचा व्हिसा कोणताही असला तरी मूल फाफ्सासाठी पात्र असते. परंतु व्हिसामुळे पालकाला बेरोजगारी भत्ता मिळाला नसेल, तर मंजुरीपत्र का जोडलेले नाही हे एका वाक्यात लिहा आणि नोकरी संपल्याचे पत्र जोडा. न लिहिल्यास कार्यालय तोच कागद मागत राहते आणि त्यात आठवडे जातात.

भारतातल्या आईवडिलांना दरमहा पाठवलेल्या पैशांचाही प्रश्न विचारला जातो. ते तुमच्या घरी राहत नसतील तर फाफ्साच्या कुटुंबसंख्येत त्यांना धरता येत नाही. तरीही त्यांच्या शस्त्रक्रियेचा किंवा दीर्घ उपचारांचा खर्च तुम्ही केला असेल, तर रुग्णालयाची बिले आणि तुमच्या खात्यातून गेलेल्या पैशांच्या नोंदी जोडून तो मांडता येतो. रुपयांतल्या रकमेपुढे डॉलरची रक्कम आणि धरलेला दर लिहावा. मान्य करणे न करणे कॉलेजच्या हाती असते. ‘घरच्यांना मदत करतो’ एवढ्या मोघम वाक्याला मात्र काहीच किंमत मिळत नाही.

५. आकड्यांचे एक पान तयार करा

माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक उपयोगी पडते ते हेच पान, आणि बहुतेक अर्जांत नसते तेही हेच. अधिकाऱ्यापुढे अशा अर्जांची रास असते. त्याला करायची वजाबाकी तुम्हीच करून दिली आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या कागदावर आहे ते लिहिले, तर फाइल परत येण्याचे कारण उरत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतल्या एडिसनमधले चौघांचे कुटुंब आहे; वडिलांची नोकरी १३ मार्च २०२६ रोजी गेली.

२०२४ चे उत्पन्न: वडिलांचा डब्ल्यू-२ १,४८,००० डॉलर, आईचा ३१,०००, व्याज १,२००. एकूण १,८०,२०० डॉलर.

२०२६ चे अपेक्षित उत्पन्न: वडिलांचा १३ मार्चपर्यंतचा पगार २६,०००, सेव्हरन्स २१,०००, बेरोजगारी भत्ता आठवड्याला ७०० प्रमाणे २६ आठवड्यांचे १८,२००, आईचा पगार ३१,५००, व्याज ९००. एकूण ९७,६०० डॉलर.

घट: ८२,६०० डॉलर, म्हणजे सुमारे ४६ टक्के.

इथे तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, सेव्हरन्स आणि भत्ता दोन्ही उत्पन्नात धरलेले आहेत. ते लपवले तर पे स्टबवरून किंवा पुढच्या वर्षी येणाऱ्या १०९९-जी या भत्त्याच्या कर पत्रकावरून कळतेच, आणि मग सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो. दुसरी, वडिलांच्या १,४८,००० मध्ये समजा २२,००० डॉलरचे कंपनीचे शेअर होते, म्हणजे ज्याला आपण आरएसयू म्हणतो ते. डब्ल्यू-२ वर ते पगारात मिसळलेले असतात आणि पाहणाऱ्याला वेगळे दिसत नाहीत. म्हणून ते वेगळी ओळ करून दाखवा आणि शेअर मिळाल्याचे विवरण जोडा. नोकरी टिकली पण शेअर मिळणे थांबले, अशा कुटुंबांनी तर ही ओळ अवश्य लिहावी. तिसरी, नवी नोकरी लागण्याची शक्यता असेल तर अंदाज फुगवू नका आणि दाबूही नका. ‘आजच्या तारखेला कोणतीही ऑफर नाही’ असे तारखेसह लिहा.

काही कॉलेजे जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरतात, तर काही पुढच्या बारा महिन्यांचा अंदाज मागतात. पान करण्यापूर्वी विचारून घ्या, नाहीतर सगळी बेरीज पुन्हा करावी लागते.

६. पत्र लिहा

पत्र एका पानाचे असावे. पहिल्याच परिच्छेदात विद्यार्थ्याचे नाव, त्याचा कॉलेजचा क्रमांक, कोणत्या वर्षाच्या मदतीचा फेरविचार हवा आहे आणि काय बदलले, हे सांगून टाकावे. ‘माझ्या वडिलांची नोकरी १३ मार्च २०२६ रोजी कपातीत गेली, आमचे या वर्षाचे अपेक्षित उत्पन्न ९७,६०० डॉलर आहे, २०२४ मध्ये ते १,८०,२०० होते’ इतके सरळ वाक्य पुरते. दुसऱ्या परिच्छेदात त्या बदलामुळे घरात आतापर्यंत काय घडले ते सांगावे: बचतीतून किती काढले, कंपनीचा आरोग्य विमा कोब्रामधून (नोकरी गेल्यावर स्वखर्चाने तो चालू ठेवण्याच्या सोयीतून) चालू ठेवल्याने दरमहा किती भरावे लागते, आईने कामाचे तास वाढवून घेतले का. तिसऱ्या परिच्छेदात कुटुंब स्वतः दरवर्षी किती भरू शकते तो आकडा द्यावा. हा आकडा द्यायला बरेच जण कचरतात. परंतु ‘शक्य तेवढी मदत करावी’ यापेक्षा ‘आम्ही १४,००० डॉलर भरू शकतो’ या वाक्यावर अधिकाऱ्याला काहीतरी करता येते.

दुसऱ्या कॉलेजने जास्त मदत देऊ केली असेल आणि ते कॉलेज तोलामोलाचे असेल, तर त्याचे पत्र जोडायला हरकत नाही. मात्र पत्राचा सूर घासाघिशीचा नको. मुलाचे गुण, पुरस्कार आणि ढोल-ताशा पथकातली कामगिरी या पत्रात नको, ती ॲडमिशनच्या फाइलमध्ये आधीच आहे.

७. वेळ सांभाळा

बहुतेक कॉलेजांत प्रवेश निश्चित करण्याची तारीख १ मे असते. नोकरी त्याआधी गेली असेल तर अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच जायला हवा, आणि निर्णय येईपर्यंत तारीख वाढवून मिळेल का हे लेखी विचारावे. उलट, नोकरी गेल्यावर काही आठवडे थांबूनच अर्ज करा असाही काही कॉलेजांचा नियम असतो. वर्ष सुरू झाल्यानंतर, अगदी दुसऱ्या सत्रातही, अर्ज करता येतो. पण कॉलेजच्या स्वतःच्या अनुदानाचा निधी तोपर्यंत आटलेला असू शकतो.

निर्णय बाकी असताना आधी देऊ केलेली मदत नाकारू नका, आणि बिलाची तारीखही चुकवू नका. थकबाकीमुळे खात्यावर होल्ड लागला तर पुढच्या सत्राची नोंदणी अडते. बिलाच्या कार्यालयाकडे मासिक हप्त्यांची सोय असते. त्यांना अर्ज विचाराधीन असल्याचे कळवून हप्ता बांधून घ्यावा.

राज्याच्या अनुदानाची चौकशी वेगळी करावी. न्यू जर्सीत ट्यूशन एड ग्रँट ‘हेसा’ ही राज्याची संस्था देते, आणि कॉलेजने आकडे बदलले म्हणून राज्याचे अनुदान आपोआप बदलेल असे धरून चालू नये.

८. उत्तर नीट वाचा

अर्ज मान्य झाला म्हणजे पैसे वाढलेच, असे नसते. मान्य झाल्यावर तुमचा एसएआय, म्हणजे कुटुंबाच्या ऐपतीचा सूत्राने काढलेला निर्देशांक, कमी होतो. तो पुरेसा खाली आला तर पेल ग्रँट (परत न करायचे सरकारी अनुदान) मिळते, जी २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबासारखे उत्पन्न अजूनही मध्यम असेल तर पेल मिळेलच असे नाही, आणि पहिल्या वर्षाच्या ५,५०० डॉलरच्या फेडरल कर्जातला सबसिडीचा भाग तेवढा वाढतो. त्या भागावर शिक्षण चालू असताना विद्यार्थ्याला व्याज लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. खरी मोठी रक्कम हलते ती कॉलेजच्या स्वतःच्या अनुदानातून, आणि ते कॉलेजच्या तिजोरीवर अवलंबून असते. सरकारी विद्यापीठाने अर्ज मान्य करूनही एक डॉलर न वाढवणे, आणि सधन खासगी कॉलेजने त्याच आकड्यांवर हजारो डॉलर वाढवणे, दोन्ही घडू शकते.

नव्या पत्रात रक्कम वाढलेली दिसली तर ती ग्रँट आहे, कर्ज आहे की वर्क-स्टडी (कॉलेजात काम करून मिळवायचे पैसे) आहे, हे ओळ न् ओळ पाहा. पालकांच्या नावावरचे पॅरेंट प्लस कर्ज ‘मदत’ या मथळ्याखाली छापलेले असू शकते.

घरातली दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असल्याचा लाभ २०२४-२५ पासून फाफ्साच्या सूत्रात उरलेला नाही. तरीही पत्रात ते नमूद करावे, कारण काही कॉलेजे आपल्या अनुदानासाठी ते अजून विचारात घेतात.

९. नकार आला तर

आधी कारण विचारा. कागद अपुरा असल्याने नकार आला असेल, किंवा त्यानंतर परिस्थिती आणखी बदलली असेल, तर नव्या कागदासह पुन्हा अर्ज करता येतो. तेच पत्र पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. कॉलेजचा निर्णय अंतिम असतो. त्यावर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही, त्यामुळे तशी तंबी पत्रात देऊ नये.

पालकाने पॅरेंट प्लससाठी अर्ज केला आणि पत खराब असल्यामुळे तो नाकारला गेला, तर विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर पहिल्या दोन वर्षांत वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत जादा फेडरल कर्ज मिळू शकते. आणि १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी पॅरेंट प्लसवर प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली आहे, तेव्हा ‘उरलेले सगळे प्लसमधून भागवू’ हा हिशेब आता जुळत नाही.

फी भरण्यासाठी पुण्यातला फ्लॅट विकण्याचा विचार असेल तर आणखी एक गाठ ध्यानात घ्यावी. २०२६ मध्ये विकला तर त्यावरचा नफा त्या वर्षीच्या अमेरिकी विवरणपत्रात दिसतो आणि २०२८-२९ च्या फाफ्सात तो तुमचे उत्पन्न म्हणून समोर येतो. पुन्हा न येणारे उत्पन्न म्हणून तो वगळण्याची विनंती करता येते, पण त्यासाठी विक्रीचा करार आणि ते पैसे फीकडेच गेल्याच्या पावत्या आजपासून जपून ठेवाव्या लागतात.

भारतातून एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यांना फाफ्सा आणि त्यावर आधारलेली ही प्रक्रिया लागू नाही. त्यांना मदत मिळतच असेल तर ती कॉलेजच्या निधीतून असते आणि नियमही कॉलेजचे असतात. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर नंतर मागता येत नाही, असा बऱ्याच ठिकाणी नियम आहे. तरी घरी मृत्यू किंवा तसेच संकट आले असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आपत्कालीन निधीची चौकशी जरूर करावी.

मान्य झालेला बदल त्या एका वर्षापुरताच असतो. २०२७-२८ चा फाफ्सा २०२५ चे उत्पन्न उचलेल, म्हणजे वरच्या उदाहरणातला वडिलांचा पूर्ण पगार त्यात पुन्हा येईल. तेव्हा नवा फाफ्सा भरल्याबरोबर त्याच वर्षाचा नवा अर्ज, ताज्या पे स्टब आणि आकड्यांच्या नव्या पानासह, कार्यालयात पोचवा.